बरणीतल्या एकेचाळीस बिया

प्रति,
मा. वनसंरक्षण अधिकारी,
विभागीय कार्यालय, पहिला मजला.

विषय : डिंकाच्या शेवटच्या फळत्या झाडाच्या कुंपणाची किल्ली आठ दिवसांसाठी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज आणि आपले एकमेव उत्तर, "नोंद घेतली."

महोदय,

अर्ज करते की, मी रानातल्या डिंकवालीची मुलगी असून शाळेत शिक्षिका आहे. अक्षर माझे आहे, राग दोघींचा.

१. आमच्या रानात डिंकाची नऊ झाडे उरली आहेत, त्यांतले एकच फळते. त्याचा डिंक आम्ही पिढ्यानपिढ्या जखमेवर लावतो, होडीच्या फटीत भरतो. ते वाचवण्यासाठी आपण कुंपण घातलेत आणि "या झाडास इजा करू नये" ही पाटी सहा खिळे ठोकून त्याच्याच खोडावर लावलीत. आपल्या कामाचा याहून नेमका अहवाल मला लिहिता आला नसता.

२. या झाडाचे बी आठ दिवसांत ओल्या मातीत गेले नाही तर मरते. गेल्या वर्षी आई ते पुरायला पदरात बांधून नेत होती. वनरक्षकाने तिला चोर ठरवून एकेचाळीस बिया जप्त केल्या. त्या आपल्या कपाटात, "दुर्मीळ बियाणे, संरक्षित" अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत आहेत. पाहुण्यांना आपण ती कौतुकाने दाखवता. साहेब, त्या केव्हाच मेल्या. वर्षभर आपण मढ्यावर पहारा देत आहात, तोही पंख्याखाली बसून.

३. मी समक्ष भेटले तेव्हा "बाई, हा तज्ज्ञांचा विषय आहे," असे आपण म्हणालात. तज्ज्ञांनी लावलेली पाचशे रोपे आम्ही पाहिली. ती भलत्याच झाडाची आहेत. आईने एक पान चुरगाळून हुंगले आणि म्हणाली, "ह्याचा डिंक ह्यांच्या सात पिढ्यांना मिळायचा नाही." मग ती इतकी हसली की तिला धरून खाली बसवावे लागले.

मला हसू आले नाही. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. बी कोणते घ्यायचे, किती खोल पुरायचे, हे फक्त तिलाच ठाऊक आहे. मला शाळेत घातल्यामुळे मी ते शिकले नाही, याची मला लाज वाटते. या हंगामात शिकले नाही तर कधीच नाही.

४. फळे तीन दिवसांत पडू लागतील. किल्ली न मिळाल्यास आम्ही कुंपण ओलांडू. पंचनामा आत्ताच लिहून ठेवावा, चोर दोन.

सवयीने नम्र,
डिंकवालीची मुलगी
(दिनांक आपल्या आवक शिक्क्याप्रमाणे धरावा.)

सोबत : कोवळे पान, एक. जप्तीच्या वेळी पदराच्या गाठीत बेचाळिसावे बी राहून गेले होते. रोप कुठे आहे ते सांगणार नाही. आपण त्याचेही संरक्षण कराल.