ऑपरेशनभर जागं बाळ

ताईस नमस्कार, आणि तुझ्या मांडीवर बसलेल्या माझ्या लेकाला पापा.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते.

इथे हॉस्पिटलात हर्नियाच्या ऑपरेशनला तान्ही बाळं येतात. काहींना पूर्ण झोपवून शिवाय माकडहाडापाशी बधिर करायची सुई देतात, काहींना नुसतं मणक्यात इंजेक्शन. कुठली पद्धत बरी, हे ताडून बघणं चालू आहे. मणक्यातल्या सुईने कमरेखालचं बधिर होतं, पण बाळ टक्क जागं राहतं. त्याला शांत ठेवायचं काम माझं. साखरपाण्याचं बोट चोखायला देते, आपल्या आईची अंगाई गुणगुणते. बाळ हूं की चूं करत नाही. सर म्हणतात, हिच्या हाताला गुण आहे.

आणि परवा फोनवर माझा आवाज ऐकून माझ्याच लेकाने भोकाड पसरलं. तू उचलल्यावर गप्प झाला म्हणे. तू हसत सांगितलंस, म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यावर नुसता जळफळाट झाला.

भावोजींचा गुडघा कसा आहे? माझ्या लेकाला दात आला का? आधी कुणाला दिसला?

झोपवताना काय म्हणतेस गं? आईची अंगाई म्हणत असशील तर दुसरी शोध. तेवढी एक माझ्यासाठी राहू दे.

तुझी धाकटी