जीप भरेपर्यंत

१२ ऑक्टो. २००८, रवि.
सुट्टी. नेट कॅफेत गेलतो. ब्लॉगवर तीन नव्या कमेंटा. एक: 'मातीचा सुगंध दरवळला.' दुसरी, अमेरिकेहून: 'डोळे पाणावले.' तिसऱ्यानं नुसतं फूल काढलं.
डोळे काहून पाणावले बाप्पा? मी तं बँडवाल्याचं लिहिलं होतं. गावातून वरात चालली, बैलानं ढोल शिंगावर घेतला, अन् ढोल सोडवाच्या गडबडीत नवरदेव घोड्यावरून उतरून पळाला. हासाचं सोडून रडून राह्यले लोक. यवतमाळ जिल्हा वाचलं का आधी रुमाल काढतात, मंग डोळे.
पेठकर काका बाजूच्या खुर्चीवर. बँकेतून रिटायर झाले, गझला लिहितात, इथंच सुरतेकडं पोराजवळ राह्यतात. मराठी टाइप कराले त्यायनंच शिकवलं. मी सातवी नापास, तरी मले चारचौघांत 'लेखक' म्हणतात. मस्करीत म्हणले असते तं बरं होतं.

१५ ऑक्टो.
आज ट्रक जास्त. शिंगं एकीकडं, खूर एकीकडं, मोठी हाडं पट्ट्यावर. कंबर गेली. नवा उडिया पोट्टा शेडच्या मागं उलटी करून आला. मुकादम म्हणे, "आदत हो जाएगी." मले झाली. त्याचीच जास्त किळस येते.
घरी माहीत आहे, औषधाची कंपनी. खोटं नाही. हाडं तेजाबात, मंग चुन्यात, मंग उकळून त्याचा सरस. सरसाची बनते कॅप्सूलची टोपी. मी फक्त मधलं सांगत नाही. माय फोनवर: "एसीत बसतं काय रे?" म्हणलं, आवाज तुटून राह्यला.

१९ ऑक्टो., रवि.
काकाची शाळा.
"तुझा वाचक कोण?"
"सगळे."
"सगळे म्हणजे कोणीच नाही. एक माणूस डोळ्यासमोर आण. तो कुठं बसतो, त्याला वेळ कधी असतो, ते बघ. मग लिही."
अजून म्हणे, एक वार ठरव अन् त्याच वारी टाक. लेखाले विषयाची लेबलं लाव. दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जा, वाच, दोन शब्द बोल, म्हणजे ते तुझ्याकडं येतील.
गेलो. भरल्या वांग्याचे ब्लॉग, गडकिल्ल्याचे ब्लॉग, 'मनातलं काही' तं इतके का मोजता येत नाही. एका बाईनं कापसाच्या वावरात टोपी घालून फोटो काढला, खाली 'पांढरं सोनं'. मी लिहिलं, बाई, बोंडाचं टोक बोटात घुसलं काय? तिनं पुसून टाकलं. झाले दोन शब्द.

२६ ऑक्टो., रवि.
पुण्याच्या एका प्रकाशकाचा मेल. भाषेत ताकद आहे म्हणे. पुस्तक होऊ शकते म्हणे. 'मात्र तुमच्या जिल्ह्याकडून वाचकाची काही अपेक्षा असते. गळफास मध्यभागी आणला आणि बाकीचे किस्से त्याच्याभोवती गुंफले तर...'
गुंफले तर. हार करून राह्यला काय?
काकाले दाखवलं. दोनदा वाचलं. मंग म्हणे, "माणूस वाईट आहे. पण त्याला त्याचा वाचक पक्का माहीत आहे. तुला तुझा माहीत नाही."
राग आला. खरं होतं म्हणून अजून आला. उत्तर धाडलं: आमच्याकडं लोक मरतात तसे जेवतात बी. बँड लावून लग्नं बी करतात. तुमचं पुस्तक तुम्हालेच राहू द्या.
बाहेर येऊन वाटलं, पुस्तक होत होतं बे. मंग वाटलं, थू.

३० ऑक्टो.
दिवाळी गेली. कंपनीनं सोनपापडी देली. पहिले बूट काढून, हात धुऊन खाल्ली. अर्धी कुत्र्याले टाकली.
मंग्याचा फोन. हा माह्या वर्गातला, दारव्हा ते आमचं गाव काळी-पिवळी जीप चालवते.
"तुह्या ब्लॉगवर काय हाय बे? आमाले तं दिसत नाही."
"नेट लागते."
"मंग जीपमधी नेट बसवू काय? कागदावर धाड. सीट भरल्याबिगर गाडी हालत नाही, तवरोक लोकं मले शिव्या देत बसतेत. त्यापरीस तुले देतीन."
हासलो. मंग हासणं थांबलं. कुठं बसतो, वेळ कधी असतो. हे तर तेच झालं, काका म्हणत होते ते. दारव्ह्याच्या स्टँडवर जीपमधी कोंबलेले लोक. जागा धरून बसलेले, उतरता येत नाही, गाडी सुटत नाही, करायले काही नाही. माहे वाचक तिथं बसले होते अन् मी अमेरिकेत शोधून राह्यलो होतो.

२ नोव्हें., रवि.
दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्यानं ब्लॉग उघडला तं नुसते चौकोन. एक अक्षर नाही. त्याच्या मशीनमधी मराठीच नाही. मंग्यानं तेच चौकोन छापून आणले अन् मले फोन करून म्हणते, "हे कोनती लिपी होय? गोरमाटी बोलनाऱ्या बंजाऱ्यायले इचारलं, ते बी नाही म्हणतेत."
काकानं त्याचं पीडीएफ करून धाडलं. ते उघडलं.

९ नोव्हें., रवि.
मंग्यानं बँडवाल्याचं वाचलं. मोठ्यानं. पहिलाच प्रश्न: बैल कोणाचा? मी बैलवाल्याचं नाव लिहिलं नव्हतं. त्यावर भांडण. एक म्हणे अमक्याचा, एक म्हणे अमक्याचा बैल गरीब होता, ते त्याच्यानं होणारच नाही. एक बाई म्हणे, नवरदेव बैलाले भिऊन नाही पळाला, त्याले पळाचंच होतं, मी नवरीच्या माहेरची हाव, मले माहीत. हे तं मलेच माहीत नव्हतं.
मागची जीप भरून सुटाच्या बेतात होती, तरी इथलं एक माणूस उतरलं नाही. मंग्या लय खूश.
"अन् मनवर गुरुजी बी हासले," म्हणे.
गुरुजी आमच्या शाळेवर आहेत, दारव्ह्याहून रोज याच जीपनं येणं-जाणं. त्यायच्या वैशालीसाठी माय बोलणं लावून राह्यली. जानेवारीत पाह्यचा कार्यक्रम. म्हणजे सासरा होणार असला तं तो बी माहा वाचक. हे काकाच्या शाळेत नव्हतं.

१६ नोव्हें., रवि.
जीपमधलं भांडण जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं. कमेंट: 'किती गोड माणसं!' अजून एक: 'आम्हाला त्या जीपमध्ये बसायला आवडेल.' बसा. बोनटवर जागा आहे.

२३ नोव्हें., रवि.
अजून दोन किस्से धाडले होते. मंग्या म्हणे लोकं जांभया देऊन राह्यले. "आमचंच आमाले काय सांगतं, म्हणतेत."
अन् गुरुजींचा निरोप. मंग्यानं गुरुजींचा आवाज काढून सांगतला: "इथलं आम्ही रोज पाहतो. त्याला म्हणा, तू जिथं आहेस तिथलं लिही. दिवसभर काय करतोस, कोणासोबत जेवतोस. वाचून माणूस कळला पाहिजे."
मंग्या म्हणे, "पोरगी देनार हाय ना बे. फुकटात चौकशी करून राह्यले."
हासलो नाही.

३० नोव्हें., रवि.
समुद्राचं लिहिलं. उंधियो भाजीचं लिहिलं. हिऱ्याच्या बाजाराचं लिहिलं, जो मी बाहेरूनच पाह्यला. काका म्हणे, "हे छान आहे, पर्यटनखात्याला दे."
जीपमधी निम्मे लोक झोपले. आबा पुढच्या सीटवर होता. माहा आजा. डोळ्यात औषध टाकाले दारव्ह्याले जाते, वाचता येत नाही, ऐकते. उतरताना मंग्याले म्हणे, "पोट्टं सोडू सोडू लिहून राह्यलं."
नेट नाही, शाळा नाही, डोळे बी नाही. तरी पकडलं.

६ डिसें.
सुट्टी नाही. संध्याकाळी खोलीवर फोटोपुढं मेणबत्ती लावली. नांदेडचे दोघं अन् मी. वंदना म्हणली. उडिया पोट्टा बी हात जोडून बसला, का बसला ते विचारलं नाही.
आबाचा किस्सा आठवून राह्यलो. गावातलं मेलेलं ढोर ओढाचं काम आमच्या घरी होतं. छप्पनच्या दीक्षेनंतर पाटलाची म्हैस मेली, बलावणं आलं, आबा गेला नाही. म्हैस तिथंच फुगली. गावानं काम बंद केलं, किराणा बंद केला, विहीर तं आधीच बंद होती. आबा सडकेवर गिट्टी फोडाले गेला, पण दोराले हात लावला नाही. हा किस्सा मी इतकेदा ऐकला का मलेच वाटते, मी तिथं होतो.
अन् मी त्याचा नातू. आबानं उपाशी राहून सोडलं, ते मी कार्ड पंच करून करतो. वरून हातमोजे भेटतात. ओव्हरटाइम भेटला का खूश होतो.
ब्लॉगवाल्यायची किळस येते, प्रकाशकाची येते, मुकादमाची येते. आज कोणाची जास्त आली ते लिहीत नाही.

१४ डिसें., रवि.
लिहिलं. एका बैठकीत. पोते कसे फोडतो, पट्टा कसा चालते, गायीचं हाड अन् म्हशीचं हाड हातानं कसं समजते, कॅप्सूल कशी होते. आबाच्या म्हशीचं बी लिहिलं. शेवटी लिहिलं का मी औषध कंपनीत आहे हे खरं आहे अन् असा आहे.
काकानं वाचलं. चष्मा काढला.
"तुझं लग्न ठरायचंय ना?"
"हो."
"मग हे कशाला?"
"तुम्हीच म्हणत होते, एक माणूस डोळ्यापुढं आण."
"मी ब्लॉगचं सांगत होतो रे."
मंग म्हणे, हे त्या प्रकाशकाला दिसलं तर धावत येईल. म्हणलं, म्हणून तं ब्लॉगवर टाकत नाही. पहिले जीप. बाकीच्यायचं मंग पाहू, पाहाचं असलं तं.
काकानं पीडीएफ करून देलं. एक शब्द बदलला नाही. पाठीवर हात ठेवला अन् लगेच काढला.

१८ डिसें.
मंग्याचा फोन. आवाज वेगळा.
"पफ्या, हे वाचू?"
"वाच."
"आबा पुढं बसते बे. गुरुजी त्याच्या मागंच."
"माहीत आहे."
"एखादा बैल-बिल टाक ना मंधात."
"वाच म्हणलं ना."
"गुरुजीनं नाही म्हणलं तं मले नोको म्हणशीन." मंग म्हणे, "तुह्या मायले संध्याकाळवरी समजते, पाय. गाव हाय."
मी फोन ठेवला. परत लावावा वाटला, नको वाच म्हणाले. लावला नाही. बॅलन्स होता.

२० डिसें., शनि.
जेवणाच्या सुट्टीत मंग्याचा फोन आला.
सकाळची खेप, शाळा सकाळची, गुरुजी होते. आबा काल पोरीकडं मुक्कामी, तो बी याच खेपेले. मंग्यानं वाचाले घेतलं. दोन सीटा बाकी होत्या. अर्ध्यात आला तं दोन बाया येऊन बसल्या, गाडी भरली. त्यानं कागद घडी केला, चावी लावली. तवा गुरुजी म्हणले, "पुरं कर." मागून कोणी उशीर होते म्हणलं नाही.
पुरं केलं.
"मंग?"
"मंग काय. गाडी सुरू केली."
"गुरुजी?"
"गुरुजीनं कागद मांगला. घडी केली, खिशात ठेवला. म्हणे, हा मी घरी नेतो."
"घरी कोणासाठी?"
"मले काय माहीत बे. मी इचारू काय?"
"तोंड कसं होतं?"
"गुरुजीसारखं."
आबाचं विचाराले भेव वाटत होतं. मंग्यानंच सांगतलं. आबा गावात उतरला, जीपचं दार धरून उभा राह्यला. मंग्याले वाटलं, शिवी घालते. आबा म्हणे, "त्याले इचार, तिथंवर वढून कोन आनते."
"काय म्हणलं?"
"हेच. ट्रकमधी येते म्हणून लिव्हलं, पन ट्रकवरोक कोन आनते, म्हणे. अजून कोन वढून राह्यलं, ते लिव्ह म्हणा."
मले माहीत नाही. इतके दिवस पोते फोडून राह्यलो, कधी विचारलं नाही. कोणतं गाव, कोणाच्या हातात दोर. आपल्या तिकडचे बी असतील काय.
मायचा फोन येऊन राह्यला. कट झाला. परत आला.
गेटवर ट्रक उभा आहे, आज सकाळीच आलेला. ड्रायव्हर खाली बसून भाकर खाऊन राह्यला. सुट्टी संपाले वेळ आहे. जाऊन बसतो त्याच्याजवळ.