भाकरीची शिट्टी

आबा, धानोऱ्याच्या लग्नातली ती पंगत मी मरेपर्यंत विसरणार नाही. लढाईवरून तुम्ही धडधाकट परतलात, काका एक बोट गमावून आले. तेव्हापासून त्यांना भलताच जोर चढला होता. चारचौघांत म्हणायचे, "भाऊ, कोळसा जाळाले लढाई नही म्हनतस." तुम्ही मुकाट जेवायचा. भरतीला तुम्ही बंदूकच मागितली होती. पण इंजिन चालवणारा माणूस साहेब गोळी खायला थोडाच पाठवणार? त्याने तुम्हाला रेल्वेच्या तुकडीत टाकलं. ती सल तुमच्या मनातून गेली नव्हती, आणि काका नेमकं तिथेच बोट ठेवायचे. मला त्यांचा असा राग यायचा!

त्या पंगतीत कळसाडीचा एक लंगडा शिपाई वऱ्हाडात आलेला. तो सांगतो आहे, ब्रह्मदेशाच्या हद्दीवर, जंगलातल्या स्टेशनात तो आणि बाकीचे जखमी पडून होते. गाडी येईल ही आशाच सोडलेली. विमानांच्या भीतीने शिट्टीला बंदी. आणि झाडांआडून शिट्टी आली: एक लांब, दोन तुटक, मग उतरत जाणारी लांबलचक. लढाईआधी तो कापसाच्या बैलगाड्या घेऊन नंदुरबार स्टेशनावर यायचा, तेव्हा त्याने ऐकलेली. "मले वाटनं, नंदुरबार उनं. मी उठी बसनू."

माय वाढता वाढता थांबली. पुरुषांत कधी तोंड न उघडणारी ती, पदर सावरून म्हणाली, "ती शिट्टी मन्ही भाकरनी शे."

गाव जवळ आलं की तुम्ही ती द्यायचा आणि माय तवा ठेवायची. रणातही सवयीने हात गेला, साहेबाची बोलणी खाल्लीत, हे तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंत. शिपाई उठला, तुमच्या पाया पडला. म्हणाला, "बंदूक आम्ही चालाडी, पन आम्हले घर यानीच आनं." काकांनी वाढप्याकडून बुंदीचं पातेलं घेतलं आणि स्वतःच्या चार बोटांनी तुमचं पान भरलं. मला ढोल बडवावासा वाटला, आबा.

पुढच्या फेरीला तुम्ही स्टेशन येईपर्यंत शिट्टी वाजवतच राहिलात. माय दारात उभी राहून ऐकत होती, आणि तव्यावर भाकरी करपून गेली.

आता विजेच्या गाड्या, सगळ्यांचा भोंगा सारखाच. तुम्हीही गेलात, हे पत्र टाकायला तरी कुठे जाऊ? पण परवा गाडी वाजली आणि माझी भाकरी करपली. सुनेला म्हटलं, लक्ष नव्हतं. लक्ष होतं, आबा.