पट्ट्या काढलेली पेटी

अण्णा,

पेटी टिकली. आधी हे सांगते, बाकीचं मागाहून. क्रेनने नऊ मीटर वर उचलून खालच्या पोलादी प्लेटवर नेमकी कोपऱ्यावर पाडली, आणि झाकण तसूभरही हललं नाही!

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की पनवेलच्या आपल्या शेडमध्ये तुम्हाला पाहिलेली माणसंही मोजकीच उरलीत. मधल्या काळात आपण ग्रिलच केल्या. खांदा कॉलनीतल्या निम्म्या खिडक्यांना आपलं लोखंड आहे. पण तुमच्या डोक्यात होती ती शिशाची पेटी, कॅन्सरच्या दवाखान्यांना लागणारा किरणोत्सर्गी कोबाल्ट रस्त्याने नेण्यासाठीची. स्वयंपाकघराच्या फरशीवर तुम्ही ती खडूने काढली होती, अगदी खऱ्या मापाची. आई तिला वळसा घालून बोंबील तळते आहे, आणि नुकतीच कॉलेजातून आलेली मी विचारते, "झाकणावर ह्या आडव्या पट्ट्या कशाला? पेटी पडली तर पहिला मार ह्यांनाच बसणार. झाकणच ओढून काढतील." तुम्ही खडू आपटता. "चार बुकं शिकलीस म्हनून बापाला शिकवतेस? पट्टीशिवाय झाकन राहत नाय!" मला पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही.

म्हणून पेटी करायला घेतली तेव्हा मी ड्रॉइंगमधून पट्ट्या काढून टाकल्या आणि बोल्ट झाकणाच्या काठात खोल बसवले. अशा पेटीचं डिझाइनच सरकारकडून मंजूर करून घ्यावं लागतं. आधी ड्रॉइंग तपासतात, मग हुबेहूब तशी पेटी करून त्यांच्यादेखत पाडायची, सळईवर आदळायची, भट्टीत भाजायची. त्यात हार खाल्ली की पेटी रस्त्यावर येत नाही. मामा तर सांगत सुटला होता, पोरीने बापाच्या कामाची वाट लावली. शेड मला झेपतं की नाही, हे त्या एका पेटीवर ठरणार होतं.

मुंबईहून साहेब आले, टेप लावला आणि थांबले. "मॅडम, ह्या पट्ट्या ड्रॉइंगमध्ये कुठे आहेत?"

मी वाकून बघितलं. तुमच्या दोन्ही पट्ट्या झाकणावर, वरून रंगसुद्धा मारलेला! तुमच्या हाताखाली तयार झालेले आपले वेल्डरकाका पुढे आले. "मीच लावल्या काल राती. अण्णांनी सांगलेलं हाय. पेटी उघडली तर पोरीला लोक हसतील ना, साहेब. आमी काय पेटी कमजोर नाय केली."

"मजबूत की कमजोर हा प्रश्नच नाही, काका," साहेब म्हणाले. "जी मंजुरीला आलीय, तीच पेटी पडली पाहिजे." चाचणी रद्द करून ते परत गेले. मी काकांवर अशी ओरडले, अण्णा, की आई घरातून धावत आली. म्हणाली, मला वाटलं तुझे अण्णाच परत आले.

दुसरी पेटी होईपर्यंत शेडची किल्ली मी कमरेलाच ठेवली. साहेब पुन्हा आले. पेटी सुटली, आपटली, कलंडली. साहेबांनी वाकून फट शोधली, झाकण उघडवून आत बॅटरी मारली आणि नुसती मान डोलावली. "टिकली गो बाय!" म्हणत काकांनी दोन्ही हात वर केले, आणि मी सगळ्यांसमोर नाचले. साडीत! मग सळई झाली, भट्टी झाली, मंजुरी आली. पेढे घेऊन मामाकडे मी स्वतः गेले आणि त्याने तोंडात टाकेपर्यंत समोर उभी राहिले. फार बरं वाटलं.

काल काका म्हणाले, "ती पट्टीवाली परून हाय मागं. तीपन टाकून बघू का? क्रेन हायच." मी म्हटलं, कामं सोडून नसते उद्योग नकोत. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे लिहिते. ती टिकली असती तर तुमचं खरं ठरलं असतं, फुटली असती तर माझं. एकदा ते ठरलं की आपलं भांडण मिटलं, आणि मला ते एवढ्यात मिटवायचं नाही, अण्णा.