कालाफातिसांची नात

पांदेलिस,

मेलबर्नला गेलास आणि आडनावाचं नुसतं ‘कालाफ’ करून बसलास. म्हणे, तिकडच्यांची जीभ वळत नाही. अरे, आडनाव म्हणजे काय पँट आहे, लांब झाली म्हणून खालून कापायला?

होडीच्या फळ्यांमध्ये कापूस ठोकून फटी बुजवतो तो कालाफातिस, हे आपल्या सामोस बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पणजोबांनी भर वादळात अंगातला सदरा फाडून फट बुजवली आणि अकरा माणसं घरी आणली. बाबांची एकही होडी कधी गळली नाही.

तुझी नात एव्हांथिया वर्षभर माझ्या हाताखाली शिकतेय. काल तिची पहिली होडी पाण्यात सोडली. आपली रीत तुला आठवत असेलच: ज्याने फटी बुजवल्या, त्याने अनवाणी तळाशी बसायचं.

होडीचा मालक स्ताव्रिनोस कुरकुरला, “पोरगी परदेशातली, किरियाकोस. होडी बुडाली तर?”

“तर तीही बुडेल. गप्प बस!” मी म्हटलं. पण धक्क्यावरून हललो नाही.

तासाभराने ती वर आली. स्ताव्रिनोसने वाकून तिचे तळवे चाचपले. कोरडेठाक! मग जणू आत्ताच भेटतोय अशा थाटात त्याने विचारलं, “कुणाची गं तू?”

“कालाफातिसांची,” ती म्हणाली.

पाकिटावर तुझं ते अर्धं नाव लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून हेही पत्र आधीच्या पत्रांसारखं हत्यारांच्या पेटीतच राहील. ती तिकडे परतली की तिलाच विचार, कुणाची तू.

तुझा थोरला भाऊ,
किरियाकोस कालाफातिस