मातीच्या पिंपाचं झाकण

बाबा, तुमची नात प्लास्टिकमध्ये माती कालवते आणि त्यासाठी तिला डॉक्टरेट मिळणार आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मग मला चिंचपोकळीच्या कारखान्यात दोन मिळायला हव्या होत्या. तिची माती तुमच्या रबरातल्या चिनी मातीहून पुष्कळ बारीक, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी. नॅनो म्हणतात. हे गेल्यापासून मी हाती येईल ते वाचते, तिचे लेखसुद्धा, डिक्शनरी मांडीवर घेऊन. एवढं कळलं की माती सगळीकडे सारखी पसरली तर प्लास्टिक चिवट होतं, आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की नेमकं तिथेच तडकतं.

जुलैपासून तिचा एक तुकडा चांगला निघायचा, पुढचे दोन तडकायचे. माप तेच, मशीन तेच. सर म्हणाले, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदल. चार वर्षांचं काम. घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायची. एका रविवारी मेथी निवडताना मी विचारलं, माती ठेवतेस कुठे? भट्टीत वाळवते, म्हणाली. मग टेबलावर, वजनं होईपर्यंत उघडीच.

"अगं, दमट होत असेल ती."

"आई, तुला कोणी सांगितलं हे?"

मी नऊ वर्षांची आहे. तुमचा डबा घेऊन येते आणि दाराजवळच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालते. माती गार, मऊ. तुम्ही मशीनवरून ओरडता, "झाकण लाव गो, हवा खाता ती." एकदा तुम्ही आत शेठकडे गेला होतात. मी मनसोक्त खेळले आणि तशीच निघून आले. दुसऱ्या दिवशी सगळा घाणा फुकट गेला, रबराला फोडच फोड. शेठ सगळ्यांसमोर तुम्हाला बोलला. तुम्ही घरी काही विचारलं नाहीत. फक्त तेव्हापासून डबा घ्यायला स्वतः फाटकापर्यंत येऊ लागलात.

आता ती बंद काचपेटीत वजन करते. तुकडे बरेचसे चांगले निघतात. मोठ्या मशीनवर गुठळ्या होतातच अजून, पण विषय बदलायचं बोलणं थांबलंय. प्रबंधात आजोबांचे आभार मानणार म्हणते. मी तिला सांगितलं होतं, त्यांच्या कारखान्यात एकदा झाकण उघडं राहिलं होतं. कोणी ठेवलं, तिनं विचारलं. मी म्हटलं, असेल कोणी कामगार.