कॅमशाफ्ट, स्प्रिंगा आणि एक जाड गॅस्केट

३ फेब्रुवारी, मंगळवार

वस्तुस्थिती क्रमाने लिहिते, म्हणजे राग आवरेल. एक: मोटारसायकल लेकीची आहे, माझी नव्हे. दोन: बावीस तारखेला शर्यतीच्या संघाची निवड चाचणी आहे, निवड झाली तर ती घर सोडून वर्षभर संघाबरोबर फिरणार. तीन: वेग वाढावा म्हणून तिला नवा कॅमशाफ्ट बसवायचा आहे. चार: दुकानदाराने नुसता कॅमशाफ्ट हातात ठेवला आणि म्हणाला, "सोपं काम आहे, ताई. काढा, घाला, निघा!" पाच: हे धादांत खोटे आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. नवा दांडा त्यांना अधिक खोल ढकलतो. म्हणून कडक स्प्रिंगा हव्यात, नाहीतर व्हॉल्व्ह वेळेवर परतत नाहीत. दांड्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारे रॉकरही साजेसे हवेत. साखळी आणि तिचा ताण धरणारा टेन्शनर नवा हवा. स्प्रिंगांसाठी हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडायचे, म्हणजे त्याखालचे गॅस्केट, सांधा घट्ट मिटवणारा पातळ थर, तेही नवे. मी यंत्ररचना शिकवते. 'सोपं' हा शब्द माझ्या वर्गात कोणी उच्चारत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सामान आले. एका रॉकरवर ओरखडा – परत! लेक म्हणाली, "आई, सासूनं सून बघावी तसं बघतेयस." नवरा वर्तमानपत्रातून डोके न काढता – "सुनेला निदान पाणी तरी विचारतात." दोघेही हसले. ओरखडा मात्र होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मोजणी. व्हॉल्व्ह खाली उतरतो तेव्हा पिस्टन वर येत असतो. दोघांत पुरेसे अंतर नसले तर टक्कर, आणि भरधाव गाडीत टक्कर म्हणजे – नाही लिहीत.

रीत जुनीच. पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीची चकती ठेवायची, मूळ जाडीचे गॅस्केट घालून हेड आवळायचे, इंजिन हाताने सावकाश फिरवायचे, पुन्हा उघडायचे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. माती संपली होती. लेकीने स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला! कणीक हे मोजमापाचे साधन नव्हे, असे मी बजावले. "तेल लावलंय, चिकटणार नाही. आता माझी तोंडी परीक्षा घेऊ नकोस."

अंतर पुरेसे निघाले. पुरेशाहून जास्तच. "झालं की मग! मूळचंच गॅस्केट घालू," म्हणाली आणि शीळ घालत हात धुवायला गेली.

मी दुकानात फोन करून दुप्पट जाडीचे मागवले.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेक बाहेर असताना मीच बसवले. जाड गॅस्केटमुळे हेड उचलले जाते, दाब घटतो आणि कॅमने दिलेली ताकद तिथेच विरते. हे गणित मी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवून दाखवत आले आहे. स्वतःला मात्र कारण दिले – 'अधिक सुरक्षितता'. एखाद्या विद्यार्थ्याने हे कारण दिले असते तर त्याला मी तास संपेपर्यंत उभे ठेवले असते.

लेक चक्कर मारून आली. हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला. "आई, ही तर होती तशीच आहे!"

इंजिन रुळायला वेळ लागतो, असे मी म्हणाले. धडधडीत खोटे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

महाविद्यालयातून परतले तो हेड उघडलेले. बाकावर मूळचे आणि जाड, अशी दोन गॅस्केट शेजारी शेजारी, आणि लेकीच्या हातात माझा जाडी मोजायचा मायक्रोमीटर.

"दुकानदारानं चुकून दिलं का हे?"

नाही म्हणाले. एवढे तरी खरे बोलले.

"मग?"

उत्तर अगदी ओठांवर होते – तू पडशील म्हणून. मी हातपिशवी खुंटीला अडकवली. मग तिने नवा कॅम पुसून डब्यात ठेवला आणि जुना चढवायला घेतला. "जुनाच बरा. हा किती पळतो ते मला ठाऊक आहे."

जेवून ती उठून गेल्यावर नवरा हलकेच म्हणाला, "थांबवायचं होतं तर तोंडानं थांबवायचंस."

मी ताटे उचलली.

२२ फेब्रुवारी, रविवार

चाचणीला गेली. साखळीचा ताण पाहिलास का, एवढेच विचारले. "पाहिला."

२३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा निरोप, शब्दशः: "निवड झाली. नवा कॅम सोबत आणला होता, तो इथे उद्या चढवतायत. मेकॅनिक विचारतोय, गॅस्केट किती जाडीचं घालू. मी सांगितलंय, आई कळवेल तेच घालायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. फोन करू नकोस. लेखी उत्तर हवं."